हात पाठीमागे

५ फेब्रुवारी, गुरुवार

"सावकाश कर. मला कुठं जायचंय."

मी घड्याळ शिकत होते तेव्हाचं आईचं हे वाक्य. दुसरीत असेन. लहान काटा आणि मोठा काटा यांची माझ्या डोक्यात सारखी अदलाबदल व्हायची. वर्गातली बाकीची पोरं कधीच पुढे गेली होती. आई स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवायची, मागचं चाक माझ्याच हातानं फिरवायला लावायची आणि समोर बसून राहायची. शेगडीवर काहीतरी उतू जात असायचं, बाबा आतून हाका मारत असायचे, आणि ती म्हणायची, सावकाश कर, मला कुठं जायचंय.

आज ते वाक्य मी वाचनालयातल्या मोबाइल शिकवायच्या वर्गात वापरलं. सगळ्यांना आवडलं. नर्सबाईंनी तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी मागची खोली दिली हेच मोठं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिंतीला लावले, लांब टेबल पुसलं, खुर्च्या जमवल्या. एकच प्लग आहे, त्यामुळे चार्जिंगसाठी रांग. माणसं आली तीही वेळेच्या आधी. निवृत्त पोस्टमास्तर, जे अजून बोलतानासुद्धा शब्द तागडीत टाकून बोलतात. शिंपीणकाकू, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. आणि नर्सबाई. त्यांची जीभ इंजेक्शनपेक्षा जोरात लागते असं त्या स्वतःच सांगतात. बाकीही आठ-दहा जण आहेत, पण बोलणारे हे तिघे.

नियम एकच सांगितला. ज्याचा फोन त्याच्याच हातात. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडानं सांगायचं. हिसकावून करून द्यायचं नाही.

"हे आमच्या लेकाला सांगा," शिंपीणकाकू म्हणाल्या. "मी काही विचारलं की 'दे इकडे' म्हणून असा ओढतो फोन, जसा मी तो चोरूनच आणलाय."

सगळे हसले. मास्तर स्क्रीनवर बोट असं आपटत होते की टेबल हलत होतं. मी म्हटलं, "मास्तर, शिक्का नाही मारायचा. नुसतं टेकवायचं." ते म्हणाले, "सवय जात नाही हो, लायब्ररीबाई." माझं नाव आता हेच पडणार असं दिसतंय.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी झाली शाळा?"

"छान. लोक किती उत्साही असतात गं या वयात."

"मीही आले असते."

"तुला कशाला? तुझ्यासाठी घरात आहे की मी."

"हो, ते आहेच," ती म्हणाली. मग मामाचा आलेला फोटो मोठा करून बघायचा होता तिला. दोन बोटं लांब करायच्या ऐवजी ती एकच बोट फिरवत बसली. मी म्हटलं, दे इकडे. एका क्षणात करून दिला. उगाच तिचा वेळ कशाला घालवायचा.

८ फेब्रुवारी, रविवार

मामाचं ऑपरेशन ठरलं. मार्चची दोन तारीख. हृदयाचं आहे, वय आहे, डॉक्टर हो आणि नाही दोन्ही म्हणतात.

आईला त्याच्याशी बोलायचं होतं, चेहरा बघून. मी फोन लावला, समोर धरला, नीट दिसावं म्हणून हात वर-खाली करत राहिले. आई आधी फोनवर फुंकर मारते, धूळ बसली असल्यासारखी. मग "हॅलो, हॅलो, मी बोलतेय, लागलंय का हे," असं तीन-चारदा. समोर मामा दिसत असतो, तोंडभर हसत असतो, तरी ती विचारते लागलंय का. मी म्हटलं, "आई, दिसतोय ना तो, मग लागलंच असणार ना."

थोडं बोलल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जरा बाहेर जातेस?"

"मग फोन कोण धरणार?"

ती परत फोनकडे वळली. मामाला म्हणाली, "बरं, काळजी घे." बोलणं संपलं.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला त्याच्याशी एकटीनं बोलायचंय एकदा. ऑपरेशनच्या आधी." मला जरा लागलंच. मी काय परकी आहे? बाबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. माझ्यापासून लपवण्यासारखं यांच्यात काय असणार?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा वर्ग चांगला रंगला. मेसेज पुसणं शिकवलं. पुसताना फोन दोन गोष्टी विचारतो: फक्त माझ्यापुरतं पुसू, की सगळ्यांसाठी पुसू. हे कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी मास्तरांनीच समजावलं.

"पहिल्यात आपण आपल्याकडची पावती फाडतो. पत्र मात्र पोचलेलं असतं. दुसऱ्यात पत्रच परत घेतो."

"असं होतं का हो तुमच्याकडे, परत घेणं?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुठलं. पेटीत पडलं की पडलं. माणसं पेटीजवळ येऊन उभी राहायची, मी कुलूप उघडायची वाट बघत. हात जोडायची. पण द्यायची परवानगी नव्हती."

 मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पाठवण्याआधी वरचं नाव बघा. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

नंतर फोनचं कुलूप बदलायला शिकलो, ठिपके जोडून नक्षी काढायची ते. शिंपीणकाकूंनी बाहीचा आकार काढला. वर्गाचा ग्रुपही झाला. मास्तरांना सराव हवा म्हणून त्यांना ग्रुपचा कारभारी केलं, म्हणजे कुणाला आत घ्यायचं असेल तर ते घेऊ शकतात. फारच गंभीरपणे घेतलं त्यांनी ते काम.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही. आईनं हल्ली फोनबद्दल विचारणं बंद केलंय. बरं झालं. आधी दिवसातून दहा वेळा हाक यायची. सकाळी फिरायला जाते, बागेपर्यंत, आताशा बराच वेळ. फोन बरोबर नेते, तोही पूर्ण चार्ज करून. मी म्हटलं, "वाटेत पडला तर?" म्हणाली, "पडला तर उचलीन."

वय झालं की माणसं हट्टी होतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आवाजाचे मेसेज. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. नर्सबाई बटण सोडल्यावर बोलत होत्या. "म्हणजे मी इतका वेळ भिंतीशी बोलले?"

गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाबद्दल थोडंसं बोला आणि ग्रुपवर पाठवा.

मास्तर वर्ग सुटल्यावर घुटमळत होते. काही सांगायचंय का म्हटलं तर म्हणाले, "नाही. तुम्हाला उद्या कळेलच." कारभारी झाल्यापासून गूढ बोलायला लागलेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज हातून एक वेडेपणा झाला, पण निभावलं.

सकाळी आईनं पुन्हा मामाचं काढलं. मी कामाला निघायच्या घाईत होते. फोन लावून दिला तर तिनं कुठेतरी हात लावून कट केला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी जरा जोरात बोलले. ती म्हणाली, "राहू दे, तू जा." त्या 'तू जा'नं दिवसभर डोकं भणभणत होतं.

दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. धाकट्या बहिणीला आवाजाचा मेसेज करायला घेतला. ती लांब राहते, आईचं सगळं माझ्यावर, त्यामुळे अधूनमधून तिच्याजवळ मन मोकळं करते. आणि बोलता बोलता आईची नक्कल सुरू झाली. ती फुंकर, ते "हॅलो, हॅलो, मी बोलतेय. लागलंय का हे? अगं, लागलंय का?" मला लहानपणापासून जमतं हे. माझंच मला हसू आवरेना. शेवटी म्हटलं, "वर्गातल्या म्हाताऱ्यांचं बरं आहे बाई, दोन तासांनी आपापल्या घरी तरी जातात. हिला कुठं पाठवू?" आणि खूप हसले.

सोडलं बटण आणि बघते तर वर नाव वर्गाच्या ग्रुपचं.

 धाकटी आणि ग्रुप यादीत एकाखाली एक होते. घाईघाईनं मेसेज दाबून धरला, पुसा म्हटलं, त्यानं काहीतरी विचारलं, मी पहिलं जे दिसलं ते दाबलं. गेला. दिसेनासा झाला. फोन खणात टाकला आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. कुणी ऐकायच्या आतच गेला असणार.

आईचं डोकं दुखतंय म्हणे. जेवली नाही नीट. लवकर आत गेली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ग्रुप उघडला.

माझा मेसेज माझ्या फोनवर नव्हता. पण त्याच्या जागेखाली शिंपीणकाकूंचा होता. "बाई, तुमचा गृहपाठ ऐकला. नक्कल अगदी हुबेहूब. वर आईंचा खरा आवाज आणि लगेच खाली तुमचा. कुठला कुणाचा ते कळेना. आम्ही दोनदा ऐकलं, सुनेलाही ऐकवलं. पण ते म्हाताऱ्यांचं काय म्हणालात, ते आम्हाला का?"

खाली नर्सबाईंचा, लिहिलेला. "हा नमुना होता की खरं?"

वर आईंचा खरा आवाज म्हणजे काय, मला समजेना. वर सरकले. मास्तरांनी कुणाला तरी आत घेतल्याची ओळ. आणि तिच्याखाली आवाजाचा मेसेज. पाठवणाऱ्याचं नाव: आई.

मी ऐकला. आधी फुंकर. मग, "हॅलो. हॅलो. मी बोलतेय. लागलंय का हे? हां. मी लायब्ररीबाईंची आई. मास्तरांनी मला आत घेतलंय. मीही शिकतेय. तिला सांगितलेलं नाही, ती बघेल तेव्हा बघेल. तिला वाक्य पाठ आहे माझं, सावकाश कर म्हणून. आता मी तिला म्हणते, सावकाश, अगं, मी येतेय मागून."

तिच्या आयुष्यातला पहिला. आणि त्याच्या लगेच खाली माझा, उत्तर दिल्यासारखा.

पावती फाडली मी. पत्र सगळीकडे पोचलं होतं. आमच्या घरातही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आई नेहमीसारखी उठली, नेहमीसारखा चहा केला. फिरायला गेली नाही. तिचा फोन फ्रिजच्या वर ठेवलेला, पालथा.

मी म्हटलं, "आई, तो मेसेज..."

"चहात साखर कमी झालीय का?"

"नाही."

"मग पी."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तक बदलायला मास्तर आले. मी काउंटरमागे उभी होते. त्यांनी पुस्तक ठेवलं आणि माझ्याकडे न बघता पानं चाळत राहिले.

"मास्तर, आईला तुम्ही शिकवत होतात?"

"बागेत. सकाळी. बाकावर बसून. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी अट होती."

"कधीपासून?"

"तुमच्या पहिल्या वर्गानंतर. मी तुमचाच नियम पाळला. हात पाठीमागे."

 शेवटी म्हटलं, "तो मेसेज तुमच्या फोनवरून पुसाल? मला आता इथून काढता येत नाही. प्रत्येकाकडून आपापलाच..."

त्यांनी चष्मा चढवला, फोन काढला. शोधायला वेळ लागत होता. माझा हात पुढे गेला. "बाई," ते म्हणाले, आणि मी हात मागे घेतला. त्यांनी सावकाश शोधला, दाबून धरला, पुसला.

"तुमच्या आई शनिवारपासून आल्या नाहीत," ते म्हणाले. "वाईट याचं वाटतं की थोडंच राहिलं होतं. भावाला फोन लावायला येतो आता त्यांना. उचलायला चुकतात. हिरवं बटण दाबतात, ते वर सरकवायचं असतं. तेवढंच राहिलंय. आणि भाऊ बहुतेक स्वतःच लावतो म्हणाल्या, त्याला जाग असेल तेव्हा. म्हणजे उचलायलाच यायला हवं."

पुस्तक नवीन न घेताच गेले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग घेऊ नये असं फार वाटत होतं. अध्यक्षांना निरोपही लिहिला होता, तब्येत बरी नाही म्हणून. मग पाठवला नाही.

सगळे आले. मी उभी राहून म्हटलं की तो गृहपाठ नव्हता. बहिणीला पाठवत होते. जे बोलले ते आईबद्दल आणि तुमच्याबद्दल बोलले, आणि मला लाज वाटते. तुम्हाला जमलं तर तो पुसून टाका. एवढंच बोलले. आवाज इतका खाली गेला होता की मागच्या आजोबांनी "काय म्हणाल्या?" विचारलं आणि पुन्हा सगळं सांगावं लागलं.

नर्सबाई म्हणाल्या, "हात पाठीमागे बांधायला शिकवता हो तुम्ही. तोंडाचं काय?"

शिंपीणकाकू गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होत्या. "मी पुसते बाई माझ्याकडचा. पण सुनेकडे गेलाय. तिनं तिच्या बहिणीला पाठवला. मीच पुढे पाठवला तिला. तुम्ही शिकवलेलं पहिल्यांदा जमलं, म्हणून इतका आनंद झाला होता मला."

मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही."

"ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच इतकं कोरडं बोलल्या.

मग सगळ्यांनी एकेक करून पुसला. फोन दाबून धरायचा, विचारेल, फक्त माझ्यापुरता. माझ्यासमोर बसून, मी शिकवलेलं, बिनचूक. एकालाही माझी मदत लागली नाही.

आईची खुर्ची मी ठेवली होती. मास्तरांनी निघताना ती उचलून भिंतीशी लावली.

१ मार्च, रविवार

उद्या मामाचं ऑपरेशन.

आठवडाभर आईनं फोनला हात लावला नव्हता. मी दोनदा म्हटलं, "लावून देऊ का मामाला? मी बाहेर थांबते, खरंच." दोन्ही वेळा "नको" म्हणाली. राग नाही, काही नाही. दुकानदाराला सांगावं तसं.

दुपारी जेवण आवरत असताना फ्रिजवरचा फोन वाजला. मी जवळ होते. सवयीनं घेतला आणि बघितलं तर मामा. चेहऱ्याचा फोन. आई दारात येऊन उभी राहिली. मी काही न बोलता फोन तिच्या हातात दिला आणि हात पाठीमागे नेले. ओले होते, पाणी मागे पाठीवर उतरत होतं.

तिनं हिरव्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, जोरात. वाजत राहिला. मास्तरांसारखा शिक्का. मला दिसत होतं, एवढंच सरकवायचं होतं, वर. एक नखाएवढं अंतर. माझी बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की दुखली. फोन वाजायचा थांबला.

ती फोनकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "आई, वर सरकवायचं."  "दाबायचं नाही. घासल्यासारखं, वर." मग 'सावकाश' म्हणणार होते, पण ते तिचं वाक्य आहे, तोंडातून बाहेर येईना.

ती उभीच. मीही. नळ तसाच चालू होता.

फोन पुन्हा वाजला. तिनं बोट ठेवलं. थांबली. वर सरकवलं.

"हॅलो," मामा म्हणाला.

"हॅलो. हॅलो. मी बोलतेय. लागलंय का हे?" असं म्हणत ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी नळ बंद केला. चपला घातल्या आणि जिना उतरून खाली जाऊन उभी राहिले, ऐकू येऊ नये म्हणून. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "नाही, अशीच." बऱ्याच वेळानं वर आले तर आई खुर्चीत बसली होती, डोळे लाल, पण चेहरा हलका. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

२ मार्च, सोमवार

ऑपरेशन नीट झालं. मामेभावाचा निरोप माझ्या फोनवर आला. धावत आईला दाखवायला गेले. ती म्हणाली, "आलाय मला."

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं लिहायला. पण आज आणखी एक गोष्ट केली, ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

आई आंघोळीला गेली होती. तिचा फोन पलंगावर होता. मनात आलं, तो मेसेज तिच्याकडून तरी नाहीसा करावा. वर्गातल्या सगळ्यांनी पुसला, ग्रुपमध्ये फक्त तिच्याकडचा उरला. तिचं भलंच होईल, असंही वाटलं. फोन घेतला आणि नेहमीची नक्षी काढली, मीच तिला लावून दिलेली. उघडेना. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा. मग फोननंच मला थोडा वेळ थांबायला सांगितलं.

ठेवला जिथल्या तिथे. आई आली, केस पुसत फोन उचलला, बघितला.

"कुणीतरी चुकीचं कुलूप लावून बघितलंय असं म्हणतोय हा," ती म्हणाली.

मी चादरीची घडी घालत होते. तीच घडी पुन्हा उलगडून घातली.

३ मार्च, मंगळवार

शेवटी सरळ विचारलं. संध्याकाळी, ती खिडकीशी बसली असताना, जवळ जाऊन.

"आई, तो मेसेज पुसून टाक ना."

"का?"

"तुला त्रास होतो म्हणून."

"मला होतो की तुला?"

मी पडदा उगाच सरळ केला.

"मास्तरांनी शिकवलंय मला पुसायला," ती म्हणाली. "येतं मला. पण नाही पुसणार."

"का पण?"

तिनं चष्मा काढला, मांडीवर ठेवला. "त्यात तू हसतेस. मी ऐकते कधीकधी, तेवढंच शेवटचं. बाकीचं आधी येतं, ते ऐकावं लागतं, त्याला इलाज नाही. एवढं मोकळं हसणं मी तुझं या घरात कधी ऐकलं नाही. धाकटीशी हसतेस होय असं?"

मी म्हटलं, "माफ कर."

"करेन," ती म्हणाली. "आज नाही."

५ मार्च, गुरुवार

आई वर्गाला आली. माझ्याबरोबर नाही. मी खोली उघडून खुर्च्या लावत होते, तर शिंपीणकाकूंच्या बरोबर आत आली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली, मास्तर आणि काकू यांच्या मध्ये. नर्सबाईंनी तिला हळूच काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मी फळ्याकडे तोंड करून उगाच जुनंच पुसत राहिले.

आज फोटो पाठवायला शिकवलं. मधेच आईनं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरातून वाकवून.

"बाई, माझं इथं अडलंय."

सगळ्यांनी फोनवरून माना वर केल्या. मी गेले. हात पाठीमागे. तिनं मामाचा हॉस्पिटलमधला फोटो निवडला होता, तो काकूंना दाखवायला पाठवायचा होता. मी सांगितलं, खाली बाण आहे तो. तिनं बाण शोधला. वरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, ओठ हलवून. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठवला.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला, आई."

"इथं आई नाही म्हणायचं, बाई," नर्सबाई म्हणाल्या. "इथं त्या विद्यार्थिनी आहेत." पुन्हा सगळे हसले. मी हसायचा प्रयत्न केला, पण मला लगेच जाणवलं की आई माझ्याकडे बघतेय, ते हसू तपासून बघतेय, आणि ते तसं नाही हे तिला कळलंय.

घरी आम्ही वेगवेगळ्या आलो. आता ती तिच्या खोलीत आहे, बाहेर अजून उजेड आहे. मी इकडे टेबलाशी. मधे एक भिंत. समोर जाऊन बोलायला हवं, पण समोर गेले की माझे हात पुढे येतात आणि तोंडही. म्हणून आवाजाचा मेसेज केला. वरचं नाव बघितलं. पुन्हा बघितलं. आई, एवढंच होतं.

ती करणार नाही, मला माहीत आहे. तिनं आयुष्यात कधी कुणाची टिंगल केलेली मला आठवत नाही. 'काहीतरीच काय' म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही. तरी बटण दाबून धरलं, आधी एक फुंकर मारली, खरोखरीची, आणि म्हटलं:

"हॅलो. आई, मी बोलतेय. तू माझी नक्कल कर. 'दे इकडे, मी करते,' तशी. फोन ओढताना जशी बोलते तशी, सगळी. आणि ग्रुपवर पाठव, सगळ्यांना ऐकू दे. करशील?"